चांदीचं पदक आणि त्यावरची आयरिश अक्षरं : प्रकल्प नोंदी

11 जानेवारी 2025, केन्मेअर (केरी परगणा, आयर्लंड)

वस्तू: चांदीचं छोटं पदक. कडी सोडून उंची 31 मिमी. पुढच्या बाजूला गोफाच्या नक्षीचा सेल्टिक क्रूस, त्याभोवती गोल पट्टीत उठावाची अक्षरं. मागची बाजू सपाट, तिच्यावर हाताने कोरलेल्या ओळी. हा मजकूर इतका झिजलाय की डोळ्याला दिसतो त्यापेक्षा बोटाला जास्त कळतो. वरच्या कडीतून पूर्वी खिशातल्या घड्याळाची साखळी जात असे.

घरातली समजूत: हे सासूबाईंच्या आजोबांचं फुटबॉलचं पदक. पुरावा म्हणून एक फोटो दाखवला जातो. आजोबा वेस्टकोट घालून खुर्चीत बसलेत, पोटावर साखळी आहे आणि साखळीला हेच पदक. केरी म्हणजे गेलिक फुटबॉलचं माहेरघर, त्यामुळे शंका घ्यायचं कुणालाच कारण पडलं नाही. पदकावर नेमकं काय लिहिलंय ते मात्र घरात एकालाही सांगता येत नाही. माझा नवरा शाळेत चौदा वर्षं आयरिश शिकला. त्याच्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखं त्याला ‘बाथरूमला जाऊ का’ हे वाक्य तेवढं अस्खलित येतं.

सासूबाई म्हणाल्या, “तू कारखान्यात सगळं लिहून ठेवतेस ना, मग हेही कर.” मी कॉर्कजवळ औषध कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं धरतात, म्हणून या नोंदी. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच ती. पण मराठीत लिहिताना हात ‘सासूबाई’च लिहितो. त्यांची एक अट आहे: घरच्या माणसांची नावं कुठे लिहायची नाहीत. मान्य.

12 जानेवारी

पदक पॉलिश करायचं नाही, हे नवऱ्याला दोनदा सांगितलं. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. पॉलिश करताना त्याच्यासोबत थोडी चांदीही जाते, आणि इथे कोरीव रेषेत जेमतेम खोली उरली आहे. शिवाय रेषेत बसलेला तो काळेपणाच वाचायला उपयोगी पडतो. आपल्याकडे दिवाळीच्या आधी देवांची भांडी लख्ख करायची सवय, त्यामुळे माझेही हात शिवशिवतात, पण नाही.

कडेला भिंगातून हॉलमार्क दिसले: मुकुट घातलेली वीणा आणि बसलेली हायबर्निया, म्हणजे आयर्लंडची स्त्रीरूप प्रतिमा. दोन्ही डब्लिनच्या ‘असे ऑफिस’चे, म्हणजे चांदीचा कस तपासणाऱ्या कचेरीचे शिक्के. वीणेचा 1637 पासूनचा, हायबर्नियाचा 1730 पासूनचा. म्हणजे चांदी अस्सल आणि तपासणी डब्लिनची. वर्ष सांगणारं अक्षर पार पुसलंय.

18 जानेवारी

फोटो. खोलीत अंधार केला, पदक काळ्या कापडावर ठेवलं आणि टॉर्च अगदी आडवा, जवळजवळ टेबलाला टेकवून धरला. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात रेषेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. एका दिशेने घेतलेल्या फोटोत आडव्या रेषा हरवतात, दुसऱ्या दिशेने उभ्या. म्हणून कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवून टॉर्च चारी बाजूंनी फिरवला आणि फोटो एकावर एक ठेवून पाहिले.

पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने ठसाही घेतला. पुढची बाजू त्यात छान उमटली, मागची नाही. एवढ्या उथळ रेषांना कागद दाद देत नाही.

19 जानेवारी

पुढची बाजू वाचून झाली. लिपी रोमनच, पण तिचं जुनं आयरिश वळण, ज्याला इथे क्लो गेलख म्हणतात. हस्तलिखितांवरून घडवलेला हा छापाचा साचा रोजच्या शालेय पुस्तकांत 1960 च्या दशकापर्यंत टिकून होता. नवख्या डोळ्याला त्यात चार सापळे आहेत. एस आणि आर जवळजवळ जुळे, दोघांचेही पाय ओळीखाली उतरतात. टी ला वर काठी नाही. सी वर सपाट टोपी ठेवली की टी. जी म्हणजे सपाट डोक्याचा तीनचा आकडा. डी ची काठी मागे झुकलेली.

आणि पाँक, म्हणजे व्यंजनावरचा ठिपका. आयरिशमध्ये शब्दाच्या जागेप्रमाणे व्यंजन मऊ पडतं: बी चा व होतो, एस चा नुसता ह उरतो, एफ तर बोलताना गायबच होतो. जुन्या वळणात हे अक्षरावर ठिपका देऊन दाखवायचे, आता पुढे एच लिहितात.

पट्टीवर आहे ‘कॉनरा ना गेल्गे’, म्हणजे गेलिक लीग. 31 जुलै 1893 ला डब्लिनमध्ये स्थापन झालेली, आयरिश भाषा बोलती ठेवण्यासाठी झटणारी संस्था. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड, जे पुढे 1938 मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. फुटबॉल चालवणारी संघटना वेगळी, 1884 ची, आणि तिच्या पदकांवर तिचं स्वतःचं नाव असतं.

सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मग फुटबॉल खेळून झाल्यावर भाषेसाठी पण काहीतरी करत असतील.”

25 जानेवारी

मागची बाजू. सगळ्यात खाली आकडे आहेत आणि ते बरे उरलेत: 1912.

हे ऐकताच धाकटे दीर हसायला लागले. 1912 साली केरीचा संघ उपांत्य फेरीत अँट्रिमकडून हरला होता आणि अजिंक्यपद लाउथने नेलं. या घरात तेराव्याला बसलेल्या माणसालाही ही माहिती विचारता येते. तालुक्याच्या सामन्याचं पदक असू शकतं, असं त्यांनीच पुढे जोडलं, पण आवाजात जोर नव्हता.

1 फेब्रुवारी, केन्मेअर

सेंट ब्रिजिडचा दिवस, सोमवारी सुट्टी, म्हणून तीन दिवस इकडेच. आज सगळ्यात जास्त काम झालं, आणि त्यातलं निम्मं सासूबाईंनी केलं.

पहिली ओळ तीन शब्दांची. पहिला शब्द दोन अक्षरी, ‘अन’, इंग्रजीतल्या ‘द’सारखा. शेवटचा डी ने सुरू होतो, मग यू, ए, आय आणि एक पाय खाली सोडलेलं अक्षर, जे आर असेल किंवा एस. मी मोठा केलेला फोटो टेबलावर ठेवला. सासूबाई चष्मा शोधत होत्या, तो सापडायच्या आतच म्हणाल्या, “दुअश. बक्षीस.” त्यांचा जन्म 1944 चा. शाळेत त्यांनी हीच अक्षरं गिरवली होती. पुस्तकं बदलली ती धाकट्या भावंडांच्या वेळी. इतकी वर्षं पदक त्यांच्याच कपाटात होतं. मग वाचलं का नाही? “नुसत्या डोळ्यांनी कुणाला दिसतंय? आणि ते फुटबॉलचं होतं ना.”

मधला शब्द: पहिलं बक्षीस असतं तर ‘खेद’ हवं, म्हणजे सुरुवातीला ठिपक्याचं सी. इथे सुरुवातीला डी आहे, काठी मागे झुकलेली स्पष्ट दिसते. ‘दारा’. दुसरं बक्षीस.

आता या ओळीचा खरा फायदा. ‘दारा’मध्ये नक्की आर आहे, ‘दुअश’मध्ये नक्की एस. म्हणजे याच कारागिराच्या हातचा एकेक पक्का नमुना मिळाला. त्याच्या आर चा उजवा पाय ओळीवर येऊन थांबतो, एस चा खांदा थोडक्यात वळून हवेतच संपतो. दोन्ही अक्षरांचे फोटो कापून पट्टी केली आणि पुढची प्रत्येक शंका तिच्याशी ताडून पाहिली.

दुसरी ओळ एकच लांब शब्द. पट्टीप्रमाणे सुरुवात एस, मग जी, मग शीना फादा म्हणजे दीर्घ खूण असलेला ई, ए, एल. पुढे यू, आय आणि एक डी, ज्यावर काहीतरी आहे. ठिपका की गंजाचा खड्डा? यासाठी नियम चांगला कामाला येतो: पाँक फक्त नऊ व्यंजनांवर येऊ शकतो, बी, सी, डी, एफ, जी, एम, पी, एस आणि टी. आधीच्या एल वर तसाच एक खड्डा आहे, तो नियमाप्रमाणे बाद. डी वरचा चालतो. भिंगातून पाहिलं तर त्याच्या कडाही स्वच्छ आहेत, अवजार टेकवून फिरवल्यासारख्या. एल वरच्या खड्ड्याच्या कडा खाल्लेल्या. शेवटी ई, ए, ठिपक्याचा सी, टी.

आजच्या शब्दकोशात हा शब्द या रूपात मिळत नाही. आयरिश लेखनाची सरकारी छाटणी 1945 मध्ये सुरू झाली आणि 1958 मध्ये प्रमाण नियम आले. न उच्चारलेली अक्षरं त्यात ढिगाने गेली. 1962 च्या नियमांनी आपले ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘जें’ यांवरचे अनुस्वार गेले आणि आजोबांची पत्रं एका झटक्यात जुनी दिसायला लागली, तसंच हे. फरक एवढाच की आपल्या एका ठिपक्याच्या जागी त्यांची एकेका शब्दातून दोन-तीन अक्षरं गेली. म्हणून जुना कोश काढला, फादर पॅट्रिक डिनीन यांचा. डिनीन केरीचेच. त्यांचा कोश 1904 चा, त्याच्या छपाईच्या प्लेटा 1916 च्या ईस्टर उठावात नष्ट झाल्या आणि 1927 मध्ये वाढीव आवृत्ती निघाली. त्यात एस-जी ने सुरू होणाऱ्या शब्दांत तो सापडला. आज तो एस-सी ने लिहितात आणि ‘श्केलीख्त’ म्हणतात.

अर्थ: गोष्टी सांगणं. कथाकथन.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आजोबा? ते तर जेवताना मीठसुद्धा हाताने दाखवून मागायचे.”

2 फेब्रुवारी

तिसरी ओळ. नावाची. पहिलं नाव नुसत्या आद्याक्षरावर आहे. त्यानंतरचा छोटा शब्द माझ्या मते एन आणि दीर्घ आय, ‘नी’. आद्याक्षर इथे लिहीत नाही, आडनाव मात्र लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. ते आहे ओसुलिवन; केरीत दगड मारला तर ओसुलिवनलाच लागेल, तेव्हा कुणाची ओळख फुटायची भीती नाही.

आयरिशमध्ये आडनाव पुरुषाचं, लग्न न झालेल्या मुलीचं आणि लग्न झालेल्या बाईचं असं तीन तऱ्हांनी चालतं. पुरुष ‘ओ’. मुलगी ‘नी’, आणि नी नंतर येणारं व्यंजन मऊ पडतं. लग्नानंतर नवऱ्याच्या आडनावाआधी ‘बॅन ई’. या ओळीत एन आणि दीर्घ खूण दोन्ही आहेत, आणि पुढच्या एस वर ठिपका आहे, स्वच्छ कडांचा. ‘ओ’ नंतर एस वर ठिपका आला नसता. म्हणजे दोन वेगवेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात: नी हूलवॉइन. ओसुलिवनांची मुलगी, लग्नाआधीची.

सासूबाईंच्या आजोबांचं आडनाव ओसुलिवन नव्हतं. आजीचं माहेरचं होतं.

2 फेब्रुवारी, रात्री

मग साखळी कशी? पदक पुन्हा आडव्या उजेडाखाली घेतलं, या वेळी अक्षरं सोडून धातू बघायला. मागे वरच्या बाजूला डाक (धातूचा सांधा) लावल्याचे दोन डाग आहेत, मधलं अंतर साधारण 20 मिमी. तिथे पूर्वी टाचणी होती, ब्रोचसारखी. म्हणजे हे कपड्यावर लावायचं पदक होतं. टाचणी काढून, डाग कानशीने घासून, वर कडी बसवली गेली. कडीचा डाक हॉलमार्कवरून थोडा ओघळलाय, म्हणजे ती नंतरचीच. कानस जिथे फिरली तिथेच सगळ्यात वरची एक ओळ होती. तिच्यातला ‘फेश’ हा शब्द उरलाय, म्हणजे भाषा-संगीताचा स्थानिक महोत्सव. त्यापुढचं गावाचं नाव कानशीने खाल्लं.

फोटोतले आजोबा घड्याळाच्या साखळीला बायकोचं पदक लावून बसलेत.

8 फेब्रुवारी

1911 ची जनगणना. 2 एप्रिलच्या रात्रीची, कुटुंबप्रमुखाच्या हातची मूळ पत्रकं राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवली आहेत. आइव्हेरा द्वीपकल्पातली वाडी माहीत होती, त्यामुळे घर लगेच मिळालं. मुलीचं वय 16. भाषेच्या रकान्यात आईवडिलांपुढे ‘आयरिश आणि इंग्रजी’, तिच्यापुढेही तेच. तिच्या पाठच्या तीन भावंडांपुढे रकाना कोरा. ज्याला आयरिश येत नाही त्याचा रकाना कोरा सोडायचा अशी पत्रकावरच सूचना आहे. एका घरात, एका चुलीभोवती, भाषा या मुलीपाशी थांबलेली या कागदावर दिसते.

सासूबाईंना हे वाचून दाखवलं. आजी 1951 ला गेली, तेव्हा त्या सात वर्षांच्या. गोष्टी आठवतात का? आठवतात, एक घोड्याची, एक विहिरीची. कुठल्या भाषेत? इंग्रजीत. “आम्हा नातवंडांशी ती इंग्रजीच बोलायची. आम्हाला अमेरिकेला नाहीतर इंग्लंडला जायचं होतं ना, सगळ्यांना.” त्यांची पाच भावंडं गेलीही.

15 फेब्रुवारी

1912 ची स्थानिक वृत्तपत्रं ग्रंथालयाच्या संगणकावर चाळली. फेशचे निकाल मोठमोठ्या याद्यांनी छापायचे, पण इंग्रजीत, आणि ‘मिस ओसुलिवन’ इतक्या की त्यांची वेगळी जनगणना करावी लागेल. गावाचं नाव गेल्यामुळे पुढे सरकता येत नाही. हा धागा इथे सोडला.

1 मार्च

आजपासून सेंट पॅट्रिकच्या दिवसापर्यंत आयरिश भाषेचा उत्सव. ऑफिसात सगळे एकमेकांना दोन शब्द आयरिश बोलतात. मी कॅन्टीनमध्ये ‘श्केलीख्त’ म्हणून दाखवलं. तिथल्या काकूंनी ‘ख’ वरून मला शाबासकी दिली. आपल्याला हा ख तसा फार जड नाही, फक्त घशातून घासून काढावा लागतो.

8 मार्च

दूखस या संकेतस्थळावर शाळांचा संग्रह पाहायला घेतला. 1937 ते 1939 दरम्यान लोककथा आयोगाने देशभरातल्या सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या मोठ्या वर्गांच्या मुलांना वह्या दिल्या आणि घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधं, म्हणी, खेळ लिहून आणायला सांगितलं. मूळ कागद युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहेत, सगळ्यांची चित्रं वाचायला खुली. आमच्या वाडीची शाळा त्यात आहे. आणि सासूबाईंची थोरली आत्या, पदकवाल्या आजीची मुलगी, त्या वर्षी बरोबर त्या वयाची होती.

तिची पानं सापडली. ठिपकेदार आयरिश हस्ताक्षर, शाईचा एक डागही नाही. विषय: गावातला लोहार, मस्से घालवायचे उपाय, वादळाची रात्र. पानाखाली कुणाकडून ऐकलं ते लिहायची पद्धत. तीनही पानांखाली एकच नाव: तिचे आजोबा, वडिलांकडचे.

आईचं नाव एकाही पानाखाली नाही. बक्षीस मिळवलेली सांगणारी घरात, आणि मुलगी वही घेऊन आजोबांकडे गेली! सासूबाईंना त्यात काहीच नवल वाटलं नाही. “म्हाताऱ्यांना विचारा असं मास्तरांनी सांगितलं असणार. आई म्हातारी थोडीच होती, चाळिशीतली. आणि ती गाय पिळत असणार त्या वेळी.”

16 मार्च, केन्मेअर

पदकासाठी पेटीत ठेवायची चिठ्ठी तयार केली, आम्लरहित कागदावर. मजकूर: पुढची पट्टी, मागच्या चार ओळी जुन्या लेखनात आणि आजच्या लेखनात, टाचणीचे डाग, कडी नंतरची असल्याचा शेरा. वरच्या ओळीतल्या गावाच्या नावापुढे ‘वाचता येत नाही’. कडी काढून पुन्हा टाचणी बसवावी असं धाकट्या जावेचं मत पडलं. सासूबाई नको म्हणाल्या. कडी आजोबांनी लावलेली आहे, तीही राहू दे.

फुटबॉलवाल्या भिंतीवरून फोटो मात्र त्यांनी स्वतः काढला आणि दिवाणखान्यात लावला.

29 मार्च

शाळांच्या संग्रहातली पानं टंकलिखित करायचं काम स्वयंसेवक करतात. त्या उपक्रमाचं नाव ‘मेहल’. शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायचं, त्याला इथे हा शब्द आहे. आपल्याकडे इर्जिक किंवा सावड म्हणतात तेच. नाव नोंदवलं. वाडीच्या शाळेची बरीच पानं अजून कुणी घेतलेली नव्हती, ती मागून घेतली. आत्याचं लोहाराचं पान सासूबाई फोनवर वाचून सांगतात, मी टाइप करते. एखादं अक्षर अडलं की त्या म्हणतात, “ठिपका आहे का बघ.” वादळाची रात्र अर्धी झाली आहे.

1926 ची जनगणना एप्रिल 2026 मध्ये खुली व्हायची आहे. 1926 पर्यंत आजी लग्न होऊन या घरात आली होती. भाषेच्या रकान्यात तिच्या नावापुढे काय आहे आणि मुलांच्या नावापुढे काय, ते तेव्हा बघायचं.